मराठी घरातला कन्नड वरकवी

कन्नड भाषेने ज्यांना 'वरकवी' म्हणून गौरविले त्या दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांची मातृभाषा मराठी होती, ही गोष्ट महाराष्ट्रात आणि गोमंतकातही पुष्कळांना ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते, त्यांना ती एक गमतीदार योगायोगाची नोंद वाटते. चित्पावन घराण्यातला मुलगा, घरी मराठी बोलणारा, फर्ग्युसन महाविद्यालयात संस्कृत व इंग्रजी शिकलेला. अशा माणसाने मराठीत कविता लिहून नाव कमावले असते तर कोणालाच नवल वाटले नसते. तो कन्नडचा विसाव्या शतकातील श्रेष्ठ भावकवी झाला, तोही ग्रंथातल्या कन्नडचा नव्हे, धारवाडच्या बाजारात, ओसरीवर आणि परड्यात बोलल्या जाणाऱ्या कन्नडचा. हे कसे घडले, याचे उत्तर त्यांच्या ग्रंथसूचीत सापडत नाही. ते त्यांच्या पंच्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात शोधावे लागते.

बेंद्रे यांचा जन्म ३१ जानेवारी १८९६ रोजी धारवाड येथे झाला. त्या काळचे धारवाड मुंबई इलाख्यात होते आणि सरकारदरबारी, शिकल्यासवरल्या घरांत, व्यापारात मराठीचे वजन मोठे होते. पेशवाईच्या अमलापासून चालत आलेली ही परिस्थिती इंग्रजी अमदानीतही बराच काळ टिकून राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून डेप्युटी चन्नबसप्पा यांच्यासारख्या शिक्षणखात्यातील अधिकाऱ्यांनी कन्नड शाळांचा आग्रह धरला, तेव्हा चित्र पालटू लागले. १८९० मध्ये रा. ह. देशपांडे यांच्या पुढाकाराने धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला. म्हणजे बेंद्रे जन्मले तेव्हा गावात दोन भाषा नांदत होत्या आणि त्यांतली एक नुकतीच मान वर करून आपला हक्क सांगू लागली होती. मराठी बोलणाऱ्या घरातील मुलापुढे त्या काळी खरे पाहता दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. धारवाडातच पुढे आयुष्याचा मोठा काळ घालवून जी. ए. कुलकर्णी यांनी मराठी कथा एका वेगळ्याच उंचीवर नेली. एकाच गावाने दोन भाषांना दोन असे लेखक द्यावेत, हे त्या गावाच्या मातीविषयी बरेच काही सांगून जाते.

बेंद्रे यांचे आजोबा दशग्रंथी ब्राह्मण होते आणि वडीलही संस्कृतचे जाणकार. विद्या घरात होती, पैसा नव्हता. वडिलांना गंडमाळेच्या व्याधीने ग्रासले होते आणि दत्तात्रेय बारा वर्षांचे असताना ते वारले. चार भावांत थोरले असलेल्या या मुलाच्या वाट्याला वडिलांची पोथी आली, पण वडिलांचा आधार गेला. संसार सावरला तो आईने आणि आजीने. खानावळ चालवून, राबून, घरातील बायकांनी ही मुले वाढविली. ज्या घरातील पुरुष संस्कृत जाणत होते, त्या घराला जगविले चुलीपाशी बसणाऱ्या बायकांनी, हे त्या मुलाने रोज डोळ्यांनी पाहिले. पुढे त्याच्या कवितेत पंडिताची भाषा आणि चुलीजवळची भाषा एकमेकींच्या शेजारी बसलेल्या दिसतात. त्या तेथूनच आल्या असाव्यात.

खानावळ म्हणजे नुसते जेवणाचे ठिकाण नसते. तेथे परगावचा विद्यार्थी येतो, कचेरीतला कारकून येतो, बाजारासाठी आलेला माणूस येतो. आणि प्रत्येकजण आपापल्या गावची बोली बरोबर घेऊन येतो. धारवाडच्या कन्नडमध्ये आधीच मराठी, फारसी, उर्दू शब्दांची सरमिसळ होती. त्यात भर म्हणून गल्लीतून जाणारे जोगी, दारावर येणारे भिक्षेकरी, जात्यावरच्या आणि पाळण्यापाशीच्या बायका, सणासुदीला गाणी म्हणणारी खेड्यातील मंडळी. संत शिशुनाळ शरीफ यांना जाऊन तेव्हा फारशी वर्षे झाली नव्हती. १८८९ मध्ये देह ठेवलेल्या या मुसलमान संताची पदे त्या मुलुखात ब्राह्मण, लिंगायत, शेतकरी अशा सर्वांच्या ओठांवर होती. शाळेच्या पुस्तकात यांतले काहीच नव्हते. मुलाच्या कानात मात्र ते साठत गेले. बेंद्रे यांच्या कवितेतील नाद आणि लय छंदशास्त्राच्या अभ्यासातून आली, असे कोणी म्हणत नाही. छंदशास्त्र त्यांनी नंतर वाचले; ताल आधी ऐकलेला होता.

त्यांनी स्वतःसाठी घेतलेले टोपणनाव या सगळ्याची कबुली देते. 'अंबिकातनयदत्त' म्हणजे अंबिकेचा पुत्र दत्त. आपल्याकडे पुरुषाच्या नावापुढे वडिलांचे नाव लागते. तसे त्यांच्याही नावापुढे ते होतेच. कविता मात्र त्यांनी आईच्या नावाने लिहिली. त्यांच्या दृष्टीने ही केवळ कृतज्ञता नव्हती. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे हा शाळामास्तर, कर्जबाजारी गृहस्थ, वादविवाद करणारा माणूस वेगळा आणि त्याच्या आत बसून गाणारा अंबिकेचा मुलगा वेगळा, असा भेद ते गांभीर्याने करीत. पहिल्याने जगायचे आणि दुसऱ्याने त्यातून गाणे काढायचे, अशी ही वाटणी होती. तिची किंमत पुढे पहिल्याला चुकती करावी लागली.

१९१३ मध्ये ते मॅट्रिक झाले. घरातील वडीलधाऱ्या नातलगाचा आधार मिळाला म्हणून पुढे पुण्याला जाता आले. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९१८ मध्ये ते पदवीधर झाले. पुण्यातली ही वर्षे लहान नव्हती. मंडालेहून सुटून आलेले लोकमान्य टिळक तेथे होते. केशवसुतांनंतरची मराठी कविता ऐन भरात होती. बालकवी आणि गोविंदाग्रज यांच्या कविता तरुणांच्या तोंडी होत्या. मराठी घरातील, पुण्यात शिकणाऱ्या, कवितेचे वेड लागलेल्या तरुणाला मराठीत ओढून घेण्यासाठी याहून अधिक काय हवे होते? बेंद्रे यांनी मराठीतही लिहून पाहिले. पण परगावी गेल्यावरच आपली भाषा कोणती हे माणसाला नीट कळते, तसे काहीसे झाले असावे. पुण्याच्या मराठीत त्यांना कविता कशी लिहितात ते समजले. जे लिहायचे होते ते मात्र धारवाडच्या कन्नडमध्ये साठलेले होते. याच सुमारास, १९१७ मध्ये, आलूर वेंकटराव यांचे कर्नाटकाच्या गतवैभवावरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि मुंबई, मद्रास, हैदराबाद, म्हैसूर अशा तुकड्यांत विखुरलेल्या कन्नड प्रदेशाच्या एकीकरणाचे स्वप्न तरुणांपुढे आले. स्वतः आलूरही पुण्यात शिकलेले. कन्नड अस्मितेच्या त्या पिढीतील कितीतरी माणसे पुण्याच्या पाण्यावर वाढली होती, ही गोष्ट सीमाप्रश्नाच्या गदारोळात दोन्ही बाजूंना विसरायला सोयीची झाली.

पदवी मिळताच ते धारवाडला परतले आणि व्हिक्टोरिया हायस्कुलात शिक्षक झाले. हीच शाळा पुढे विद्यारण्य हायस्कूल म्हणून नावारूपाला आली. १९१९ मध्ये हुबळीत त्यांचा विवाह झाला. १९२२ मध्ये 'कृष्णकुमारी' हे पहिले काव्य प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी 'गेळेयर गुंपू', म्हणजे मित्रांचा मेळा, सुरू झाला. संध्याकाळी जमायचे, फिरायला जायचे, लिहिलेले वाचून दाखवायचे, वाद घालायचे, असे त्याचे स्वरूप होते. शं. बा. जोशी, वि. कृ. गोकाक, रं. श्री. मुगळी, श्रीरंग, आनंदकंद ही पुढे कन्नड साहित्यात मोठी ठरलेली नावे या मेळ्याशी जोडलेली आहेत. यांपैकी शं. बा. जोशी हेदेखील मराठी घरातले; महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या प्राचीन नात्याचा शोध त्यांनी आयुष्यभर घेतला आणि मराठीतही ग्रंथ लिहिला. गोकाक तर बेंद्रे यांना आपले काव्यगुरू मानत. या मेळ्यात कोणी कोणाला पदवी देत नव्हते. तरीही त्या काळच्या धारवाडात याहून चांगले विद्यापीठ दुसरे नसेल. १९२६ मध्ये बेंद्रे आणि त्यांच्या मित्रांनी नवरात्रात 'नाडहब्ब' हा भूमीचा आणि संस्कृतीचा उत्सव सुरू केला. पुण्यातील सार्वजनिक उत्सव पाहिलेल्या माणसाचा हात त्यात ओळखू येतो.

येथवरची कथा उमेदीची आहे. पुढची तशी नाही.

बेंद्रे दांपत्याला झालेल्या अपत्यांपैकी बहुतेक दगावली. संसाराला तीनच उरली. त्या काळी बालमृत्यू घरोघरी होते. प्लेग आणि इतर साथींनी हुबळी-धारवाडची वस्ती वारंवार उठविली होती आणि पाळणा रिकामा होणे ही कोणत्याही आळीत नवलाची गोष्ट नव्हती. पण घरोघरी घडते म्हणून ते कोणत्याही घरात सोपे होत नाही. अशाच एका प्रसंगातून त्यांची बहुधा सर्वांत जास्त गायली गेलेली शोककविता जन्मली. मूल हाताशी लागत नाही हे उमगलेली आई, तिची नवऱ्याकडे लागलेली नजर, आणि त्या नजरेला द्यायला काहीच हाती नसलेला बाप, एवढाच तिचा ऐवज. मृत्यूविषयी तीत तत्त्वज्ञान नाही. आक्रोशही नाही. तू माझ्याकडे अशी पाहू नकोस, एवढ्या एका विनवणीभोवती ती फिरते. मुलाच्या मृत्यूवरची ही कविता मुलाकडे पाहतच नाही. ती आईच्या डोळ्यांकडे पाहते आणि तेही तिला सोसत नाही. ज्याने ती नजर झेललेली नाही, त्याला हा कोन कल्पनेने सुचणे कठीण.

येथे एक सावधपणा बाळगायला हवा. दुःखाने कवी घडतो, असे आपल्याकडे फार सहजपणे म्हटले जाते. तसे असते तर प्लेगाच्या त्या वर्षांत धारवाडच्या प्रत्येक गल्लीत एक महाकवी निपजला असता. बेंद्रे यांच्या शेजारीपाजारी त्यांच्याइतकेच, कदाचित अधिक, सोसलेली माणसे होती. त्यांचे दुःख मुके राहिले. बेंद्रे यांच्यापाशी दुःख येण्याआधीच काही आलेले होते: आईच्या घरातील बोली, जोग्यांचे ताल, पुण्यात पाहिलेली कवितेची घडण, मित्रांच्या मेळ्यातील कठोर कान. आघात झाला तेव्हा त्याला उतरायला जागा तयार होती. शिवाय त्यांनी एक पथ्य कटाक्षाने पाळले. आपल्या दुःखाचे भांडवल करायचे नाही, दुःख आपल्यापाशी ठेवायचे आणि रसिकापुढे ठेवायचे ते गाणे, ही भूमिका त्यांनी कवितेतच मांडून ठेवली आहे. म्हणून त्यांची करुण कविताही रडकी होत नाही. गरीब जोडप्याच्या संसारावर त्यांनी लिहिलेले गीत आज कर्नाटकात लग्नकार्यातही गायले जाते. त्यामागची गरिबी खरी होती, हे गाणाऱ्यांच्या लक्षातही येत नसेल.

'सखीगीत' या दीर्घ काव्यात त्यांनी आपल्या वैवाहिक जीवनाचीच कथा सांगितली. लग्न, ओढग्रस्त, मुलांचे जाणे, पतीपत्नींतले अंतर आणि जवळीक हे सगळे त्यात आहे. स्वतःच्या घराला इतक्या जवळून काव्यात आणणे तेव्हाच्या कन्नड साहित्यात धाडसाचे होते.

१९३२ मध्ये 'गरी', म्हणजे पीस, हा संग्रह निघाला. काळाला पक्ष्याच्या रूपात पाहणारी त्यांची विख्यात कविता याच संग्रहातली. राज्ये, साम्राज्ये, युगे त्या पक्ष्याच्या पंखांखाली येतात आणि जातात. याच संग्रहात 'नरबळी' ही कविता होती. कायदेभंगाची दुसरी लाट चालू होती आणि सरकार शब्दाशब्दाला बिचकत होते. ही कविता राजद्रोही ठरली. बेंद्रे यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या तुरुंगात त्यांनी ती भोगली आणि त्यानंतर धारवाडजवळच्या मुगद या खेड्यात त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. वास्कोहून हुबळीकडे जाणारी गाडी लोंढा, अळणावर मागे टाकून धारवाडला पोहोचण्यापूर्वी मुगद हे छोटे स्थानक ओलांडते. गोव्याचे असंख्य प्रवासी त्यावरून गेले असतील; तेथे एका कवीला त्याच्या शब्दांसाठी अडकवून ठेवले होते, याची खूण गाडीतून दिसत नाही.

तुरुंगाने त्यांचे फार मोठे नुकसान केले. ते कवितेचे नव्हते, पोटाचे होते. सरकारचा रोष असलेल्या शिक्षकाला नोकरी द्यायला संस्था धजत नसत. छत्तीस वर्षांच्या, मुलाबाळांच्या गृहस्थाची मिळकत थांबली. १९३५ मध्ये, वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी एम. ए. केले, हौस म्हणून नव्हे, नोकरीची आशा म्हणून. तरीही चाळीसच्या दशकाच्या आरंभी ते काही वर्षे बेकारच होते. या काळात त्यांनी मास्ती वेंकटेश अय्यंगार यांच्या 'जीवन' मासिकासाठी काम केले, तेही विनावेतन. आणि याच विवंचनेत असताना, १९४३ मध्ये, शिवमोग्ग्याच्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे चालून आले. एका भाषेने आपला सर्वोच्च मान ज्याला दिला, त्याला महिनाअखेरीची चिंता होती. सोन्याच्या मस्तीवर, पैशाच्या आंधळ्या नाचावर त्यांनी जी भेदक कविता लिहिली आहे, तिच्यामागे अर्थशास्त्राचा अभ्यास नव्हता. बिनपैशाचे दिवस त्यांनी मोजले होते.

अखेर १९४४ मध्ये सोलापूरच्या दयानंद महाविद्यालयात कन्नडचे प्राध्यापक म्हणून त्यांना स्थैर्य मिळाले. वयाची अठ्ठेचाळीस वर्षे उलटली होती. सोलापूर हे गिरण्यांचे गाव. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारे मजूर व व्यापारी तेथे एकत्र राहत. धारवाडात मराठी घरातून कन्नड गल्लीत उतरलेला मुलगा आता मराठी शहरात कन्नड शिकवत होता. बारा वर्षे त्यांनी तेथे काढली. १९५६ मध्ये ते निवृत्त होऊन धारवाडला परतले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना झाली आणि धारवाड मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, सोलापूर मुंबई राज्यातच राहिले. ज्या दोन गावांमध्ये त्यांचे आयुष्य विभागलेले होते, त्यांच्यामधून राज्याची हद्द गेली. कन्नड प्रदेशाचे एकीकरण हे त्यांच्या तरुणपणाचे स्वप्न होते आणि ते खरे झाले. त्या दिवशी मराठी बोलणारा आणि कन्नड लिहिणारा हा माणूस हद्दीच्या कोणत्या बाजूचा, असा प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही, हे बरे झाले. त्यांच्या घरातच ही हद्द कधी नव्हती.

गोव्याच्या वाचकाला यातले काही ओळखीचे वाटेल. पोर्तुगीज अमदानीत इंग्रजी शिक्षणासाठी येथील मुले बेळगाव-धारवाडची वाट धरीत. बाकीबाब बोरकरांच्याही शिक्षणाचा काही काळ धारवाडात गेला. बाकीबाबांनी पुढे मराठी आणि कोकणी दोहोंत लिहिले आणि दोन्हींत ते मोठे ठरले. माणसाची मातृभाषा एक आणि कवितेची भाषा दुसरी असू शकते, किंवा दोन्ही एकाच वेळी आपल्या असू शकतात, हे ज्यांनी आपल्याच अंगणात पाहिले आहे, त्यांना बेंद्रे समजायला जड जाऊ नयेत. भाषांची भांडणे लावणाऱ्यांना मात्र ते कायमच अडचणीचे राहतील.

मराठी त्यांनी सोडली नव्हती. घरात ती होतीच, लेखनातही होती. त्यांच्या 'संवाद' या मराठी ग्रंथाला १९६५ मध्ये केळकर पारितोषिक मिळाले. विठ्ठल संप्रदायावर त्यांनी मराठीत विवेचन केले. पंढरीच्या ज्या दैवताला मराठी संतांनी कानडा म्हटले, त्याविषयी कन्नड कवीने मराठीत लिहावे, यात एक वर्तुळ पुरे झाल्यासारखे वाटते. गुरुदेव रा. द. रानडे यांच्या उपनिषदांवरील ग्रंथाचे आणि श्रीअरविंदांच्या भारतीय नवजागृतीवरील निबंधांचे त्यांनी कन्नडमध्ये भाषांतर केले. कालिदासाचे 'मेघदूत' त्यांनी कन्नड काव्यात उतरविले. श्रीअरविंदांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. साधनकेरीच्या तळ्याजवळ त्यांनी राहत्या घराला 'श्रीमाता' हे नाव दिले. टोपणनावात आई, घराच्या नावात आई. भक्तीचा भाग बाजूला ठेवला तरी खानावळीतल्या त्या बाईचे ऋण या दोन नावांच्या मधोमध उभे असल्यासारखे दिसते.

निवृत्तीनंतर धारवाडच्या आकाशवाणी केंद्राचे सल्लागार म्हणून त्यांनी काम पाहिले. ही नेमणूक त्यांना शोभणारी होती, कारण त्यांची कविता मुळात कानासाठी होती. धोतर, लांब कोट आणि हातात छत्री अशा वेषातला हा वृद्ध कवी व्यासपीठावर उभा राहून कविता म्हणू लागला की, छापील पानावर अर्धीच राहिलेली कविता पुरी होई, असे त्यांना ऐकलेली माणसे सांगत असत. मोठ्या सभांतून, शाळांतून, खेड्यांतून त्यांनी काव्यवाचन केले. निरक्षर श्रोत्यालाही त्यांची कविता कळे आणि पंडितालाही ती पुरून उरे. त्यांच्या पहाटेवरील गीताला पुढे 'बेळ्ळी मोड' या १९६७ सालच्या चित्रपटात स्थान मिळाले आणि कवीचे नावही न ऐकलेल्यांच्या ओठांवर ते गेले.

मान उशिरा आले, पण आले. 'अरळु मरळु' या १९५६ मधील संग्रहाला १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९६८ मध्ये पद्मश्री आणि त्याच सुमारास साहित्य अकादमीचे सदस्यत्व, म्हणजे अकादमीचा सर्वोच्च सन्मान, त्यांना लाभला. १९६४ मध्ये आलेल्या 'नाकु तंती' या संग्रहासाठी १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना उडिया कादंबरीकार गोपीनाथ महांती यांच्यासमवेत जाहीर झाला. नाकु तंती म्हणजे चार तारा. मी, तू आणि त्यापलीकडचा स्व यांच्या तारा एका वाद्यावर चढवून जुळविण्याचा हा खटाटोप आहे. कविता गूढ आहे आणि तिच्यावर भाष्यांचे ढीग आहेत. तरुणपणीच्या बेंद्रे यांची सोपी गाणी ज्यांना पाठ आहेत, ते या उत्तरकाळच्या कवितेपाशी थोडे बिचकतात, आणि ती तक्रार अगदीच निराधार नाही. विचार कधीकधी गाण्यावर स्वार होतो.

वार्धक्यात त्यांना अंकांचे वेड लागले. शब्दांत, छंदांत, सृष्टीत संख्यांचे नाते ते शोधू लागले. ४४१ ही संख्या त्यांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येई. भेटीला आलेल्या रसिकाला कविता ऐकायची असे आणि बेंद्रे त्याच्यापुढे आकडेमोड मांडून बसत. अनेकांना हा म्हातारचळ वाटला. पण त्यांच्या आयुष्याकडे सलग पाहिले तर तो पूर्वीच्याच शोधाचा एक फाटा दिसतो. बालपणी अर्थ कळण्याआधी ज्याने ताल ऐकला, त्याला शब्दांच्या मुळाशी मोजमाप आहे असे वाटत राहणे स्वाभाविक होते. आजोबांच्या वेदपाठातही अक्षरांची मोजणी होतीच. त्यांच्या अंकविचाराचे मोल ठरविणे गणित जाणणाऱ्यांचे काम. कवीच्या चरित्रात त्याला जागा द्यावीच लागते.

मराठीत बेंद्रे फारसे पोहोचले नाहीत, याचे कारण अनास्था एवढेच नाही. त्यांचा अर्थ शब्दात जेवढा असतो तेवढाच शब्दाच्या नादात असतो. एका कन्नड शब्दाचे दोन-तीन अर्थ एकाच ओळीत ते असे वाजवितात की, भाषांतरकाराने एक अर्थ उचलला तर बाकीचे हातातून निसटतात. शिवाय धारवाडी बोलीतील त्या लकबीला मराठीत नेमका जोड कोठला घ्यायचा? बेळगावी, कोल्हापुरी की सोलापुरी? कन्नड आणि मराठी दोन्ही घरच्या भाषा असलेला अनुवादकच हे करू शकेल. तशी माणसे सीमाभागात एकेकाळी गल्लोगल्ली होती. आता ती कमी होत चालली आहेत.

२६ ऑक्टोबर १९८१ रोजी मुंबईत बेंद्रे यांचे निधन झाले. धारवाडच्या साधनकेरीत 'श्रीमाता' हे घर आणि त्याच्याजवळ उभारलेले बेंद्रे भवन आहे. दरवर्षी ३१ जानेवारीला त्यांच्या जयंतीनिमित्त तेथे लोक जमतात, त्यांची गीते गायली जातात, आणि जमलेल्यांतील काही घरांत अजूनही रात्रीचे जेवण मराठीत बोलत होते.